मोहावी की सोनोरन? बाइकवर तंबू बांधण्याआधी

लॉस एंजेलिसकडून ॲरिझोनाकडे बाइकवर एकट्याने निघालं की तासन्‌तास एकच झुडूप सोबत करतं. छातीएवढं उंच, बारीक तेलकट पानांचं, शेजारच्यापासून अंतर राखून उभं. हे क्रियोसोट. मोहावी वाळवंटात ते आहे आणि सोनोरनमध्येही आहे, आणि घोळ होतो तो इथेच. कालचंच वाळवंट आज पुढे चालू आहे असं वाटतं, आणि मग काल ज्या कपड्यांत आणि ज्या तयारीने निभावलं त्यावरच आजही भागेल असं माणूस धरून चालतो. प्रत्यक्षात वाळवंट बदललेलं असतं. पाऊस येण्याचा मोसम आणि रात्रीची थंडी बदललेली असते, तंबूभोवती फिरणारे जीवही तेच राहिलेले नसतात.

ओळखायचं कसं, तर क्रियोसोटच्या वर डोकं काढून कोण उभं आहे ते पाहायचं. वेड्यावाकड्या फांद्या आणि टोकाला सुऱ्यांसारख्या पानांचे झुबके असलेला जोशुआ ट्री दिसला तर मोहावी. खांबासारखा सरळ, बाहू वर केलेला सग्वारो निवडुंग दिसला तर सोनोरन. ही निव्वळ ओळखखूण नाही, त्यात हवामानही वाचता येतं. जोशुआ ट्रीला फुलोरा धरायला हिवाळ्यातली गोठवणारी थंडी मदत करते, म्हणजे त्याच्या सावलीत तंबू ठोकलात तर हिवाळ्यात रात्री पाण्याची बाटली गोठू शकते. सग्वारोच्या अंगात पाणी साठलेलं असतं, त्याला लांबलेली कडक थंडी सोसत नाही. जिथे शंभर-दीडशे वर्षांचे सग्वारो उभे आहेत, तिथली जानेवारीची रात्र बहुधा साध्या स्लीपिंग बॅगमध्ये निघते.

फरकाचं मूळ उंचीत आहे. मोहावीचा बराच भाग ६०० ते १२०० मीटर उंचीवर आहे. डेथ व्हॅली हा त्यातला मोठा अपवाद. तिथलं बॅडवॉटर बेसिन समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली आहे आणि फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअसची नोंद झाली. हाच आकडा सगळ्यांच्या डोक्यात बसल्यामुळे मोहावी म्हणजे भट्टी असा समज झाला आहे. मार्चमध्ये १३०० मीटरवर, वाऱ्यात, संध्याकाळी सातनंतर स्टोव्ह पेटवायची वेळ आली की तो समज टिकत नाही. सोनोरन सखल आहे आणि त्यामुळे हिवाळ्यात उबदार. पण उन्हाळ्यात तिथे रात्रही थंड होत नाही. २०२३ मध्ये ॲरिझोनातल्या फीनिक्सला सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला होता. अशा दिवसांत तंबूत झोपायचा बेत आखूच नये.

पावसाचं गणित तर पार निराळं आहे. मोहावीला मुख्यतः हिवाळ्यात, पॅसिफिककडून येणाऱ्या वादळांमधून पाऊस मिळतो. ॲरिझोनातल्या सोनोरनला दोन पावसाळे आहेत: हिवाळ्यातला रिपरिप पडणारा, आणि १५ जून ते ३० सप्टेंबर धरला जाणारा मान्सून. आपल्याकडे मान्सून म्हटलं की दिवसेंदिवस लागून राहिलेला पाऊस आठवतो. इथे सकाळ लख्ख असते, दुपारी डोंगरांवर ढग चढतात आणि संध्याकाळी तासाभरात सगळं उरकतं. तेवढ्या वेळात कोरडा ओढा भरून वाहू लागतो. पाऊस दूर डोंगरात पडलेला असतो, तुमच्या डोक्यावर थेंबही नसतो, आणि लोंढा येतो. ओढ्याचं पात्र सपाट, मऊ वाळूचं आणि वाऱ्यापासून आडोशाचं असल्याने तंबूसाठी जागा म्हणून मोह पाडतं. दोन्ही वाळवंटांत तिथे तंबू ठोकायचा नाही, आणि मान्सूनमध्ये तर दुपारी चहाला थांबतानाही काठावरच थांबायचं.

मान्सूनचीच दुसरी देणगी म्हणजे हबूब, धुळीची चालती भिंत. ॲरिझोनाच्या वाहतूक खात्याची सूचना अशी की रस्त्यापासून जमेल तितकं दूर जा, दिवे बंद करा, ब्रेकवरून पाय काढा. दिवे चालू ठेवले तर मागून येणारा तुमच्या लाल दिव्याला रस्ता समजून थेट तुमच्यावर येतो. बाइकवाल्याने किल्ली बंद करावी आणि बाइकपासून लांब, रस्त्यापासून आणखी दूर जाऊन बसावं. मोहावीत असं क्वचित, पण तिथला वसंतातला वारा बाइकला आडवा ढकलतो आणि खुंट्या नीट न ठोकलेला तंबू उचलून नेतो.

आता कपड्यांबद्दल, कारण एकट्या माणसाची सर्वांत घातक चूक इथे होते. उकडतंय म्हणून जाळीचं जॅकेट घालून सुसाट जायचं, ही आपल्याकडची सवय. हवेचं तापमान अंगाच्या तापमानापेक्षा वर गेलं की येणारा वारा थंड करण्याऐवजी अंगाला शेकतो आणि घाम कातडीवर टिकण्याआधीच उडवून नेतो. अशा वेळी आतला सुती टी-शर्ट पाण्यात भिजवायचा, वरून जॅकेटच्या बहुतेक झडपा बंद ठेवायच्या आणि थोडीच हवा आत येऊ द्यायची. मोहावीच्या कोरड्या हवेत ही युक्ती पाऊण तासभर तरी साथ देते. मान्सूनच्या दिवसांत टूसॉनच्या आसपास हवेत दमटपणा असतो, शर्ट ओला राहतो पण गारवा येत नाही. तिथे मग पहाटे निघून दहा-अकराच्या आत मुक्कामी पोचणं हाच उपाय. उष्णतेने डोकं चालेनासं झालं की ते आपलं आपल्याला कळत नाही आणि सांगायला मागे दुसरी बाइक नसते. म्हणून तहान लागण्याची वाट न बघता घड्याळ लावून थांबावं.

जिवांबद्दल थोडक्यात. मोहावीत उन्हात उभ्या केलेल्या बाइकखाली सावलीला वाळवंटी कासव येऊन बसू शकतं. ते संरक्षित आहे, निघण्याआधी वाकून बघा. सोनोरनमध्ये बार्क स्कॉर्पियन नावाचा विंचू चढण्यात पटाईत आहे, तेव्हा सकाळी बूट आणि हेल्मेट झटकल्याशिवाय घालू नका. चोया निवडुंगाचे तुकडे जरा धक्का लागला तरी सुटून बुटाला, पँटला, टायरला चिकटतात. हाताने ओढायला गेलात तर हातात रुततात. तुकडा आणि कातडी यांच्या मध्ये कंगवा सरकवायचा आणि एका झटक्यात दूर उडवायचा. उरलेले काटे चिमट्याने काढायचे. टँक बॅगेत कंगवा आणि चिमटा असायलाच हवा.

दोन्ही वाळवंटं एकाच दिवशी पाहायची तर कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री नॅशनल पार्कसारखी जागा नाही. १९३६ मध्ये स्मारक म्हणून जाहीर झालेली ही जागा १९९४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाली. वर १३४० मीटरवर जंबो रॉक्सचा मुक्कामाचा तळ, गोलसर दगड, जोशुआ ट्री, सगळं मोहावी. तिथून पिंटो बेसिन रोडने दक्षिणेला उतरू लागलं की साधारण ९०० मीटरच्या खाली जोशुआ ट्री विरळ होत संपतात आणि चोया आणि ओकोटियोची काटेरी झुडपं, म्हणजे सोनोरन, सुरू होतात. हेल्मेटच्या आत हवा तापत जाते ती स्पष्ट जाणवते. सग्वारो मात्र इथे शोधू नका. कोलोरॅडो नदीच्या पश्चिमेला उन्हाळी पाऊस अपुरा पडत असल्याने तो जवळपास नाहीच. तो पाहायला ब्लाइद गावापाशी नदी ओलांडून ॲरिझोनात जावं लागतं.

पार्कात पेट्रोल पंप नाही, फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नाही, आणि जंबो रॉक्सला पाणीही नाही. पाणी कॉटनवुड आणि ब्लॅक रॉकच्या तळांवर मिळतं. उत्तरेकडून, बेकरहून केल्सो आणि अँबॉयमार्गे येणार असाल तर पार्कच्या उत्तरेला लागून असलेल्या ट्वेंटीनाइन पाम्स गावापर्यंत जवळजवळ २०० किलोमीटर होतात. लहान टाकीच्या बाइकने बेकरला टाकी काठोकाठ भरूनच निघावं आणि जादा कॅनही घ्यावा.

पहिल्यांदाच एकट्याने जाणाऱ्याला मी सोनोरन सुचवेन, आणि तेही डिसेंबर ते फेब्रुवारीत. ॲरिझोनातल्या हीला बेंडहून आहोमार्गे ऑर्गन पाइप कॅक्टस राष्ट्रीय स्मारकातल्या ट्विन पीक्स तळापर्यंत रस्ता चांगला आहे, तळ सुमारे ५०० मीटरवर आहे आणि रात्री सोसण्याजोग्या असतात. मोहावी मार्चअखेर किंवा ऑक्टोबरसाठी राखून ठेवा, आणि तिकडे जाताना स्लीपिंग बॅग शून्याखाली चालेल अशीच न्या.