चौल-रेवदंडा सायकलवरून: निघण्यापूर्वी हे वाचा

चौल आणि रेवदंडा ही गावं एकमेकांना इतकी लागून आहेत की एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. अलिबागहून मुरूडकडे निघालेल्या गाड्या दोन्ही गावं भर्रकन मागे टाकतात. आम्ही इथे सायकली भाड्याने देतो आणि आमची सफर नेमकी एवढ्याच भागातली आहे. दिवसभरात पंधराएक किलोमीटर होतात आणि तेवढे पुरतात. ‘त्यातच जंजिराही उरकता येईल का?’ असं अनेक जण विचारतात. आम्ही नाही म्हणतो. उरकायचंच असेल तर गाडी बरी.

चौल हे जुनं बंदर. ग्रीक लेखकांच्या नोंदींत त्याचं नाव येतं, अरब प्रवासी अल-मसुदी दहाव्या शतकात इथे येऊन गेला आणि १५०८ मध्ये इथल्याच लढाईत पोर्तुगीज आरमाराचा प्रमुख लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. पुढे खाडी गाळाने भरत गेली, व्यापार मुंबईकडे सरकला आणि शहराच्या जागी नारळी-पोफळीच्या वाड्या उभ्या राहिल्या. त्यामुळे इथलं जुनं वैभव एका जागी, तिकीट काढून बघायला मिळत नाही. ते गल्लीबोळांत विखुरलंय. कुठे वाडीच्या कडेला तळं लागतं, कुठे बांधीव विहीर, कुठे भिंतीचा तुकडा. गाडीतून हे दिसत नाही आणि पायी अंतर जास्त पडतं.

सकाळी सातला निघा. आधी रामेश्वर. देवळासमोरची पुष्करणी सकाळच्या उन्हात बघावी, तिथे घाई करू नका. देवळात जमिनीखाली पर्जन्य, वायू आणि अग्नी अशी कुंडं आहेत. एरवी ती बंद असतात. पाऊस फारच लांबला तर पर्जन्यकुंड उघडण्याची प्रथा गावात सांगतात. तिथून दत्ताच्या टेकडीकडे जा. पायऱ्या पुष्कळ आहेत, म्हणून ऊन चढायच्या आत. वर पोहोचलात की खाली वाड्यांचा हिरवा पट्टा आणि पलीकडे समुद्र दिसतो, आणि आपण कुठून कुठे जाणार आहोत ते नीट कळतं.

उतरल्यावर रेवदंड्याची वाट धरा. रस्ता किल्ल्याच्या तटातूनच आत शिरतो. आत घरं आहेत, वाड्या आहेत, माणसं राहतात. हा किल्ला पोर्तुगीजांचा, १७४० मध्ये मराठ्यांकडे आला. सातखणी मनोरा पाहाच, पण त्यावर चढू नका. वरचे खण पडलेले आहेत आणि उरलेला दगडही सैल आहे. शाळेच्या आवारात अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचं स्मारक आहे. पंधराव्या शतकात तो विकायला घोडा घेऊन चौलला उतरला आणि इथून जुन्नर, बीदरपर्यंत गेला. गावात बेने इस्रायल या कोकणातल्या ज्यू समाजाचं बेथ एल हे प्रार्थनास्थळही आहे. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारची सुट्टी, म्हणून कोकणात या लोकांना शनिवार तेली म्हणत. आत जायचं तर आधी परवानगी विचारा.

समुद्राच्या बाजूने तट बघायचा असेल तर ओहोटी हवी. दर्यावर्दींचा हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला भरदुपारी पाणी तटाशी असतं, त्या दिवशी किनारा सकाळी लवकर किंवा संध्याकाळी.

ओल्या वाळूत सायकल घालू नका, ही एकच गोष्ट आम्ही आग्रहाने सांगतो. ओहोटीची वाळू टणक असते, मोह होतो. पण खारं पाणी चेनमध्ये आणि चाकाच्या बेअरिंगमध्ये शिरलं की गंज धरतो, आणि नुसतं वरवर धुऊन तो जात नाही. सायकल वरच्या रस्त्याला कुलूप लावून ठेवा. मात्र माडाखाली नको. नारळ आणि झावळी पडताना सांगून पडत नाहीत.

वाड्या खासगी आहेत. फाटक उघडून आत शिरू नका, पडलेली सुपारी उचलू नका. ते कुणाचं तरी उत्पन्न आहे. बाहेरून हाक मारून विचारलंत तर बहुतेक जण आपणहून वाडी दाखवतात.

जेवण सकाळीच सांगून ठेवावं लागतं, कारण घरगुती खानावळीत माणसं मोजून भात टाकतात. सोलकढी आणि वालाचं बिरडं सोडू नका. थंडीत, वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी (मडक्यात भाजलेल्या शेंगा) लागते, पण ती संध्याकाळची गोष्ट, मुक्काम करणाऱ्यांसाठी.

किनाऱ्यावरून खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला दिसेल. त्या गावात अजून पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात. तिथे जरूर जा, पण वेगळा दिवस काढून. साळावच्या पुलावर गाड्यांची गर्दी असते, लहान मुलांना घेऊन तो ओलांडू नये.

दत्तजयंतीच्या जत्रेत रस्ते माणसांनी भरलेले असतात, त्या दिवसांत आम्ही सायकली देत नाही. एरवी ओळखपत्र आणि अनामत द्या. हेल्मेट, कुलूप आणि हवेचा पंप सायकलीबरोबर मिळतो. सीटची उंची दुकानातच बसवून घ्या. पंक्चर झालं तर ढकलत आणू नका, पावतीवरच्या नंबरवर फोन करा, आमचा माणूस दुसरी सायकल घेऊन येईल. परत करण्याची वेळ संध्याकाळी सहापर्यंत.