माझगाव

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील जुने गाव. ज्या सात बेटांमध्ये भर घालून आजचे शहर उभे राहिले त्यांपैकी एक. मूळ वस्ती मुख्यतः कोळी व भंडारी यांची. पोर्तुगीज अमदानीत त्यांपैकी काही ख्रिस्ती झाले.

नावाच्या व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही. 'मत्स्यग्राम' ही सर्वांत लोकप्रिय व्युत्पत्ती कोळीवस्तीशी जुळते, पण ध्वनिदृष्ट्या अडखळते. 'मत्स्य'चे प्राकृतात 'मच्छ' व मराठीत 'मासा' होते; म्हणजे अपेक्षित रूप 'मासगाव'. पुढच्या 'ग'मुळे 'स' घोष (स्वरतंतूंच्या कंपनासह उच्चारलेला) होऊ शकेल, हे मान्य. मात्र 'झ'मधला महाप्राण, म्हणजे हकाराचा अंश, त्याने उलगडत नाही. 'माझा गाव' ही फोड सोपी आहे, इतकेच. सर्वनामावरून गावाला नाव पडणे विरळाच. तिसरे मत 'मधले गाव' असे. 'मध्य'चे प्राकृत रूप 'मज्झ', आणि त्याचा वंशज 'माजघर' या शब्दात आजही नांदतो. मुख्य मुंबई बेट व उत्तरेकडील परळ यांच्या दरम्यानचे स्थान पाहता हे मत अधिक सयुक्तिक वाटते. अडचण अशी की, 'माझा'च्या मुळाशी असलेले प्राकृत रूपही 'मज्झ'च; केवळ ध्वनीवरून या दोहोंत निवाडा होत नाही. पोर्तुगीज लेखनाचा आधारही बेताचाच. त्या लिपीत 'झ' व 'ज' यांत भेद नाही; शिवाय मोरोक्कोच्या किनाऱ्यावर पोर्तुगिजांचे 'मझगाव'सारख्याच नावाचे ठाणे होते, त्या ओळखीच्या नावाचा लेखनावर परिणाम झाला असणे शक्य आहे.

1534 च्या तहाने मुंबईची बेटे पोर्तुगिजांकडे गेली. 1572 च्या सुमारास माझगावची मिळकत डिसूझा घराण्याला मिळाली. इंग्रजी अमलात, 1689–90 च्या स्वारीत, जंजिऱ्याच्या सिद्दीने येथील किल्ला घेतला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोदी झाली. माझगाव डॉक ही तिची आजची ओळख. वर्षातून दोनदा फळणाऱ्या आंब्याची येथे ख्याती होती.

जुन्या गावाची घडण म्हातारपाखाडी या येथील जुन्या वस्तीत काहीशी टिकून आहे: अरुंद गल्ल्या, लाकडी जिने व सज्ज्यांची घरे, नाक्यावर क्रूस. लोकमान्य टिळकांचे सहकारी व मुंबईचे महापौर झालेले जोसेफ 'काका' बाप्टिस्टा (1864–1930) येथलेच. भंडारवाडा टेकडीवरील बागेला त्यांचे नाव आहे.