थोड्या सोन्यात भरघोस दागिना: बेळगाव सीमाभागातल्या घडाईची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जुना दागिना म्हटलं की बोरमाळ, ठुशी, चिंचपेटी, मोहनमाळ, पुतळ्यांची माळ आणि कोल्हापुरी साज डोळ्यांसमोर येतो. घर मराठ्यांचं असो, लिंगायतांचं असो की जैनांचं, पेटीतले दागिने साधारण हेच. गळ्यात भरघोस दिसणारे, काट्यावर ठेवले की हलके. कमी सोनं जास्त दिसावं यासाठीच ही घडाई वाढली. गेल्या साठ वर्षांत सरकारी नियमांनी तिचं काय केलं, हे त्यावरूनच कळतं.

इथं सोनं पिकत नाही. बैलहोंगल भागात बेळवडीजवळ सोन्याचे अंश सापडल्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकात झाल्या, पण पेठ उभी राहण्याइतकं ते कधीच नव्हतं. मौल्यवान माल आला तो बव्हंशी घाटाखालून. १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेला आणि पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत ती रत्नांची मोठी पेठ झाली. ब्रह्मदेशची माणकं, आखातातले बसऱ्याचे मोती, आणि दक्षिण अमेरिकेतून लिस्बनमार्गे येणारे पाचू. विजापूर दरबार हा त्याचा मोठा गिऱ्हाईक, आणि गोवा-विजापूर यांच्या मधे, घाटमाथ्यावर, बेळगाव. सोळाव्या शतकात इथला कारभार असदखान लारी या आदिलशाही सरदाराकडे होता, आणि पोर्तुगीजही त्याची मर्जी सांभाळून असत.

त्या दरबारी दागिन्याचं काम म्हणजे कोंदण. खडा दात्यांत पकडायचा नाही. अगदी शुद्ध सोन्याची पातळ पट्टी थंडच, नुसत्या दाबानं खड्याभोवती बसवायची. शुद्ध सोनं इतकं मऊ असतं की दाबलं की त्याचे थर एकमेकांत मिसळून जातात. खड्यामागे चकाकता वर्ख घालून खड्याचं घर मागून बंद करायचं, म्हणजे उजेड परत फिरतो आणि फिका खडाही खुलतो. शेतकऱ्याच्या घरात यातलं आलं ते थोडंच. साजाच्या पानांत एखादा लाल, एखादा हिरवा खडा, नथीत मोती. आजकाल जाहिरातींत राजघराण्याचा जडाव, म्हणजे असं खडे बसवलेलं काम, आणि गावाकडची बोरमाळ एकाच परंपरेच्या नावाखाली विकतात. दोन्हींचे गिऱ्हाईक वेगळे होते, हिशोबही वेगळे.

गावाकडच्या दागिन्याचा हिशोब लाखेवर चालतो. सोन्याचा पत्रा ठोकून ठोकून पातळ करायचा, ठशात दाबून मण्याच्या दोन वाट्या काढायच्या, त्या डाक (सोनं जोडायचा सांधा) लावून जोडायच्या आणि पोकळीत तापवलेली लाख भरायची. लाख थिजली की मणी दाबला तरी चेपत नाही. बोरमाळेचे बोराएवढे मणी असोत की साजातले जवमणी, युक्ती हीच. साज पुरा म्हणायचा तर त्यात २१ पानं: दहा अवतार, अष्टमंगल, माणिक, पाचू आणि ताईत. एवढा पसारा भरीव सोन्यात केला तर तो गळ्यालाही पेलायचा नाही आणि खिशालाही. पुढचं काम पटवेकऱ्याचं. साखळीऐवजी रेशमी दोऱ्यात ओवून मागे गोंडा बांधला, की साखळीचं सोनंही वाचतं. पुतळ्यांच्या माळेचंही तेच झालं. पुतळी म्हणजे मूळची व्हेनिसची डुकाट, जवळजवळ शुद्ध सोन्याची, साडेतीन ग्रॅमची. पुढे पातळ पत्र्यावर ठसा उमटवूनही माळा होऊ लागल्या.

हे काम करणारे दैवज्ञ सोनार बरेचसे गोवा-कोकणातून वर आलेले. सोळाव्या शतकातल्या धर्मांतराच्या जाचानं गोवा सोडणाऱ्यांत तेही होते. कन्नड मुलखातले पत्तार, म्हणजे तिकडचे सोनार, त्यांच्या जोडीला. शहापूर आज बेळगावचंच उपनगर वाटतं, पण स्वातंत्र्यापर्यंत ते पटवर्धनांच्या सांगली संस्थानात होतं. इंग्रजांची छावणी एका बाजूला आणि पटवर्धनांच्या हद्दीतली पेठ लगेच दुसऱ्या बाजूला. तिथल्या सराफ गल्लीचं नाव अजून टिकून आहे. वजन तोळा-मासा-गुंजेचं: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे ११.६६ ग्रॅम, आता व्यवहारात सरळ दहा.

मोठा घाव बसला तो १९६३ च्या जानेवारीत. चीनयुद्धानंतर परकीय चलन वाचवण्यासाठी अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण आणलं आणि १४ कॅरटवरचे नवे दागिने घडवायला बंदी केली. कागदावर हा शुद्धतेचा साधा नियम दिसतो. बागेसरीपुढे, म्हणजे सोनाराच्या शेगडीपुढे, बसणाऱ्याला मात्र तो कामबंदीचा हुकूम होता. १४ कॅरटचं सोनं कडक. ते २२ कॅरटसारखं पसरत नाही आणि रंगही मरतो. पत्रा पातळ निघाला नाही तर मणी जड होतो, आणि मणी जड झाला की सगळं गणितच बिघडतं. कोंदणाला तर शुद्ध सोन्याखेरीज चालतच नाही. देशभर सोनार बेकार झाले, आत्महत्याही झाल्या. १४ कॅरटची अट १९६६ मध्ये गेली, पण १९६८ मध्ये नियंत्रणाचा कायदाच आला. परवाना, वह्या, तपासणी. तो १९९० मध्ये अर्थमंत्री मधू दंडवते यांनी काढला. यंत्रांनी ही कला मारली असं सर्रास म्हटलं जातं. माझ्या मते यंत्रं आली तेव्हा ही कला आधीच अर्धी रिकामी झाली होती. त्या सत्तावीस वर्षांत ज्या सोनाराच्या मुलानं दुसरी नोकरी धरली, त्याच्या मुलाला डाक लावता येत नाही.

मग राजकोटचं साच्याचं काम आलं, कोइमतूरच्या साखळ्या आल्या, सराफ पेठांत बंगाली कारागीर बसू लागले. बेळगावात साजाची मागणी आली की दुकानदार पुष्कळदा कोल्हापूरच्या गुजरीकडे, म्हणजे तिथल्या सराफ पेठेकडेच, बघतो.

१६ जून २०२१ पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेचा शिक्का, सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी-अंकी ओळखक्रमांकाशिवाय नवा हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. गिऱ्हाईकाच्या दृष्टीनं हे चांगलंच. पूर्वी कस लावून जे सांगितलं जायचं त्यावर मान डोलवण्यापलीकडे त्याच्या हातात काही नव्हतं. कुंदन, पोलकी आणि जडाव अशा खडे बसवलेल्या दागिन्यांना सक्तीतून वगळलं आहे, दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूंनाही. पण हॉलमार्क सांगतो ती शुद्धता. मण्यात लाख किती आणि पत्रा किती, हे अजून दुकानदारानंच सांगायचं असतं. आजीची बोरमाळ मोडायला नेली की भांडण इथंच लागतं: मुशीत लाख जळून जाते, आणि हातात येतं ते पत्र्याचं सोनं. म्हणून नवी बोरमाळ घेतानाच लाखेचं आणि सोन्याचं वजन बिलावर वेगवेगळं लिहून घ्यावं.