हिमनग आणि सागरी बर्फ: तरंगतात दोन्ही, पण समुद्राची पातळी कशामुळे वाढते?

ध्रुवाकडच्या समुद्राच्या फोटोत दोन तऱ्हेचा बर्फ दिसतो. एक पाण्याबाहेर इमारतीएवढा उंच आलेला, निळसर कडांचा. दुसरा पाण्यावर दूरवर पसरलेला सपाट थर, मधे मधे तडकलेला. पहिला हिमनग, दुसरा सागरी बर्फ. बातम्यांत दोन्ही ‘ध्रुवावरचा बर्फ’ या एकाच नावाखाली येतात आणि ‘हा वितळला तर मुंबई बुडेल का?’ या प्रश्नाचा घोळ तिथूनच सुरू होतो.

दोन्ही तरंगतात ते एकाच कारणाने. द्रव पाण्यात रेणू सतत जागा बदलत, बरेच दाटीने असतात. गोठताना प्रत्येक रेणू हायड्रोजन बंधांनी चार शेजाऱ्यांशी ठरावीक कोनात बांधला जातो. त्यातून षटकोनी जाळी तयार होते आणि जाळीत पोकळी राहते. तेवढंच पाणी गोठल्यावर सुमारे ९ टक्के जास्त जागा घेतं. म्हणून बर्फाच्या एका घनमीटरचं वस्तुमान ९१७ किलो, गोड्या पाण्याचं जवळपास १००० आणि समुद्राच्या पाण्याचं साधारण १०२५. ९१७ ला १०२५ ने भागलं की हिमनगाचा सुमारे ८९ टक्के भाग पाण्याखाली असतो हे कळतं. हे प्रमाण आकारमानाचं आहे, उंचीचं नाही. सुळक्यासारखा हिमनग उंच दिसेल, टेबलासारखा सपाट हिमनग बुटका, पण हिशेब तोच.

जन्मकथा मात्र पूर्ण वेगळ्या. हिमनग समुद्रात तयार होत नाही. ग्रीनलंड किंवा अंटार्क्टिकाच्या जमिनीवर हजारो वर्षं पडलेलं हिम स्वतःच्याच भाराने दबून घट्ट बर्फ होतं, हिमनदी बनून किनाऱ्याकडे सरकतं आणि टोकाला तुटतं. त्यामुळे हिमनगाचं पाणी गोडं असतं. १९१२ च्या एप्रिलमध्ये टायटॅनिक आदळली ती अशाच गोड्या बर्फावर.

सागरी बर्फ म्हणजे समुद्राचंच गोठलेलं पाणी. इथे आपल्या दहावीच्या विज्ञानातला पाण्याच्या असंगत आचरणाचा धडा आठवतो. होपच्या उपकरणाची आकृती सगळ्यांनी काढलेली असते: ४ अंशांचं पाणी सर्वांत जड, ते तळाशी जातं, पृष्ठभाग गोठतो आणि खाली मासे जगतात. तळ्यासाठी ते अगदी खरं आहे, पण महासागराला लागू पडत नाही. एवढ्या क्षारतेचं पाणी गोठेपर्यंत जडच होत जातं, ४ अंशांचा तो टप्पा त्याला नाहीच. ते गोठतं उणे १.८ अंशांच्या आसपास. आणि गोठताना बर्फाच्या जाळीत मिठाला जागा मिळत नाही. बरंचसं मीठ खाली समुद्रात ढकललं जातं, थोडं खाऱ्या पाण्याच्या बारीक कप्प्यांत अडकतं. बाहेर पडलेलं ते अतिखारट, गार पाणी जड असल्याने खोल बुडतं. अंटार्क्टिकाभोवती असं बुडालेलं पाणी जगभरच्या महासागरांच्या तळाशी पसरतं. मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते: वर तरंगणारा दोनेक मीटरचा थर हजारो मीटर खोलीवरचे प्रवाह हलवतो.

जाडीतला फरकही मोठा आहे. एका हिवाळ्यात तयार झालेला सागरी बर्फ साधारण एक ते दोन मीटर जाड असतो, मोठे हिमनग शेकडो मीटर. सागरी बर्फ येतो-जातोही झपाट्याने. अंटार्क्टिकाभोवती तो सप्टेंबरमध्ये सुमारे १ कोटी ८० लाख चौरस किलोमीटरवर पसरतो आणि फेब्रुवारीत २० ते ३० लाखांवर येतो.

आता पातळीचा हिशेब. एक घनमीटर बर्फ गोड्या पाण्यात तरंगताना ९१७ किलो पाणी बाजूला सारतो, म्हणजे साधारण ९१७ लिटर. वितळल्यावर त्याचं पाणी होतं ९१७ लिटरच. म्हणून काठोकाठ भरलेल्या ग्लासातला बर्फ विरघळला तरी पाणी सांडत नाही. समुद्रात तोच हिमनग ९१७ किलो खारं पाणी सारतो, पण ते जड असल्याने भरतं फक्त ८९५ लिटर. वितळून होतात ९१७. फरक २२ लिटरचा. म्हणजे हिमनग वितळल्याने पातळी वाढते, पण नाममात्र. सागरी बर्फात तर समुद्राचंच पाणी समुद्राला परत मिळतं.

मग ग्रीनलंडची काळजी कशाला? कारण समुद्र वाढतो तो बर्फ वितळतो त्या क्षणी नव्हे, तर जमिनीवर टेकलेला बर्फ समुद्रात उतरतो त्या क्षणी (किंवा जमिनीवरच वितळून वाहून येतो तेव्हा). अंटार्क्टिकात बऱ्याच ठिकाणी हिमनद्या किनाऱ्यापुढे सरकून समुद्रावर तरंगणारा अखंड, जाड थर बनवतात. हा थर सागरी बर्फ नव्हे, हिमनगांचं उगमस्थान आहे. जुलै २०१७ मध्ये लार्सन सी या थरापासून सुमारे ५,८०० चौरस किलोमीटरचा हिमनग सुटला, गोव्याच्या क्षेत्रफळाच्या दीडपटीहून मोठा. तो सुटल्याने पातळी वाढली नाही, कारण तो आधीच तरंगत होता. मात्र २००२ मध्ये शेजारचा लार्सन बी काही आठवड्यांत फुटला, तेव्हा मागच्या हिमनद्यांना अडवणारा बांध गेला आणि त्या वेगाने समुद्राकडे धावू लागल्या. खरा धोका असा मागून येतो.

भारताचं पहिलं अंटार्क्टिक स्थानक, दक्षिण गंगोत्री, १९८३-८४ मध्ये अशाच तरंगत्या थरावर उभारलं गेलं आणि काही वर्षांत हिमाखाली गाडलं गेलं. नंतरचं मैत्री खडकावर आहे. या मोहिमा आखणारं राष्ट्रीय केंद्र गोव्यात, वास्कोला आहे.

सागरी बर्फ पातळी वाढवत नाही म्हणून तो आटला तरी चालेल, असं मात्र समजू नये. हिमाने झाकलेला सागरी बर्फ ८० टक्क्यांहून अधिक सूर्यप्रकाश परत पाठवू शकतो, उघडा समुद्र दहा टक्क्यांहून कमी. बर्फ गेला की तीच उष्णता पाणी शोषतं, आणखी बर्फ वितळतो आणि ती ऊब ग्रीनलंडच्या जमिनीवरच्या बर्फालाही जाणवते. सप्टेंबर २०१२ मध्ये आर्क्टिकचा सागरी बर्फ सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत आकसला होता.

बातमी वाचताना एक खूण उपयोगी पडते. सागरी बर्फाचे आकडे बहुधा चौरस किलोमीटरमध्ये येतात, कारण तिथे किती समुद्र झाकला गेला हे महत्त्वाचं. जमिनीवरच्या बर्फाचे आकडे अब्ज टनांत येतात. असा सुमारे ३६० अब्ज टन बर्फ समुद्रात गेला की जगभरची पातळी १ मिलिमीटरने वाढते.