तुर्कीतील संकेतार्थ : ‘-सा / -से’ प्रत्यय

तुर्कीत ‘जर-तर’चा अर्थ ‘-सा’ किंवा ‘-से’ या प्रत्ययाने येतो. ‘जर’साठी फारसीतून आलेला ‘एएर’ हा शब्द आहे, पण तो गाळला तरी चालतो. प्रत्यय गाळून चालत नाही. ‘तर’ला सहसा वेगळा शब्द लागत नाही. क्रियापद मराठीसारखेच शेवटी येते: ‘वाक्तिम ओलुर्सा गेलिरिम’ (वेळ मिळाला तर येईन).

‘सा’ की ‘से’, हे प्रत्ययाच्या लगेच आधीचा स्वर ठरवतो. आ, ओ, उ असल्यास ‘सा’. ए, इ असल्यास ‘से’. म्हणून धातू ‘गेल्’ (येणे) असूनही ‘गेलियोर्सा’ (येत असेल तर) असेच रूप होते, कारण तिथे मधल्या ‘योर’मधला ओ जवळ असतो.

मराठी भाषकाची खरी अडचण वेगळीच आहे. आपला ‘तो आला तर’ भूतकाळी दिसतो, म्हणून नवशिके ‘गेल्दीय्से’ म्हणतात. त्याचा अर्थ मात्र ‘तो आलेला असेल तर’ असा होतो. पुढे घडू शकणाऱ्या गोष्टीसाठी ‘गेलिर्से’ हवे. इथे प्रत्यय ‘गेनिश झामान’ (विस्तृत काळ, म्हणजे नेहमी घडणारे किंवा पुढे घडू शकणारे सांगणारे रूप) या काळरूपाला लागतो. तोच थेट धातूला लावला की ‘गेल्से’ होते: शक्यता दूरची, किंवा नुसती इच्छा. ‘केश्के गेल्से’ म्हणजे ‘आला तर किती बरं’. ‘गेल्सेय्दी’ म्हणजे ‘आला असता तर’, अर्थात आला नाही. काळरूपापुढच्या ‘से’वर आघात नसतो, धातूला थेट लागलेल्या ‘से’वर असतो, ऐकताना हा फरक फार उपयोगी पडतो.

पुरुषप्रत्यय सगळ्यांत शेवटी येतात: गेल्सेम, गेल्सेन, गेल्से, गेल्सेक, गेल्सेनिझ, गेल्सेलेर. ‘आम्ही’साठी ‘-क’ लागतो. ‘गेलिरिझ’ (आम्ही येतो) पाठ असल्यामुळे इथेही ‘-इझ’ जोडण्याची चूक हमखास होते. ‘गित्सेक मी?’ म्हणजे ‘जाऊ या का?’

नकार प्रत्ययाच्या आधी येतो, आणि विस्तृत काळाचे नकारी रूपच निराळे असते: ‘गेल्मेझ्से’ (आला नाही तर). ‘गेलिर्मेसे’ असे रूप नाही.

नामाला व विशेषणालाही हा प्रत्यय लागतो: ‘दोक्तोर्सा’ (डॉक्टर असेल तर). शब्द स्वरान्त असल्यास मध्ये ‘य’ येतो: ‘हास्ताय्सा’ (आजारी असेल तर). ‘योक’ (नाही) या शब्दापासून झालेला ‘योक्सा’ ‘नसेल तर’ या अर्थाने येतो, तसाच ‘नाहीतर’ या अर्थानेही रोज कानावर पडतो.