घामावाटे चरबी जात नाही

इन्फ्रारेड ब्लँकेट म्हणजे विजेवर तापणारं, अंगाभोवती गुंडाळायचं पांघरूण. ‘त्यात तासभर झोपा, चरबी वितळते,’ हे जळगाव-धुळ्याकडे पार्लरांत सर्रास ऐकू येतं. उठल्यावर काटा अर्धा किलो कमी दाखवतो, ते खरं. पण तो घाम! दोन तांबे पाणी प्यालात की वजन जागेवर.

अशा ब्लँकेटचे लांब लहरींचे उष्णतेचे किरण त्वचेच्या वरच्या थरातच शोषले जातात, खालच्या चरबीपर्यंत पोचत नाहीत. आणि शरीर चरबी जाळतं तेव्हा तिचा बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जातो. नुसत्या घामानं भागलं असतं, तर मे महिन्यात ४५ अंशांत भुसावळला एकही ढेरी दिसली नसती.

अंग शेकल्यावर बरं वाटतं, तेवढं घ्या. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांनी मात्र यात शिरूच नये. चटका बसलेला कळत नाही.