वॉकिंग फूट दोन्हींत, सुई चालते एकातच

चामड्याच्या कामासाठी जुनं मशीन शोधायला सांगली-मिरजेत चार ठिकाणी फोन लावा. तीन ठिकाणी तरी ‘वॉकिंग फूट आहे, बिनधास्त या’ असं ऐकायला मिळेल. सांगणारा खोटं बोलत नसतो. पण वॉकिंग फूट या एका नावाखाली दोन वेगळ्या बनावटीची मशिनं विकली जातात. एक टॉप-बॉटम फीड, दुसरं कंपाउंड फीड. फीड म्हणजे माल पुढे सरकवायची पद्धत. डोकं, म्हणजे टेबलावर बसणारं मूळ मशीन, दोन्हींचं सारखंच दणकट. दोन्हींना आतला आणि बाहेरचा असे दोन फूट, म्हणजे माल वरून दाबणारे पाय, असतात आणि ते आळीपाळीनं उचलतात. टेबलासकट शेजारी ठेवली तर नवख्याला काही फरक दिसणार नाही. फरक किमतीत पडतो आणि मग शिवणीत पडतो.

शर्ट-पँट शिवायचं साधं मशीन, म्हणजे जुकी कंपनीचं डीडीएल-८७०० किंवा त्याच्या चिनी भावंडांपैकी एखादं, ते यात धरतच नाही. त्यात माल सरकवायचं काम एकट्या खालच्या दात्यांचं असतं आणि वरचा फूट नुसता दाबून बसतो. चामडं फुटाला चिकटतं, खालचा थर पुढे जातो, वरचा मागे राहतो. टेफ्लॉनचा फूट बसवून ‘यावर लेदरपण चालतं’ म्हणणारे भेटतील. पातळ अस्तरापुरतं चालतं, हे खरं. त्यावर धंदा उभा राहत नाही.

आता मूळ मुद्दा. टॉप-बॉटम मशिनात आतला फूट आणि खालचे दाते मिळून चामडं चिमटीत पकडतात आणि एक टाका पुढे नेतात. तेवढा वेळ बाहेरचा फूट हवेत असतो. मग तो खाली येऊन माल धरतो आणि आतला फूट उचलून आपल्या जागी परत येतो. या सगळ्यात सुई सरळ वर-खाली होते, बाकी काही नाही. चामडं सरकतं त्या वेळी ती चामड्याच्या बाहेर असते.

कंपाउंडमध्ये सुई चामड्यात घुसते आणि घुसलेली असतानाच सरकते. सुई, आतला फूट आणि दाते, तिघंही एकदम, एकाच मापानं. त्यासाठी सुईचा दांडा एका झुलणाऱ्या चौकटीत बसवलेला असतो. कागदांच्या गठ्ठ्यात दाभण खुपसून गठ्ठा सरकवला तर वरचा कागद मागे आणि खालचा पुढे असं होऊ शकत नाही, तसंच हे.

ओळखायचं कसं? मशीन बंद करा, दोरा काढून टाका, टाक्याचं माप सगळ्यात मोठं ठेवा आणि मोबाइलची बॅटरी लावून डोक्याच्या डाव्या बाजूनं बघत हातचाक सावकाश आपल्याकडे फिरवा. सुई खाली गेल्यावर दांडा मागे-पुढे झुलला तर कंपाउंड. मग माप शून्यावर आणून पुन्हा फिरवा, झुलणं जवळजवळ थांबायला हवं. माप बदलूनही दांडा एकाच रेषेत राहिला तर ते टॉप-बॉटम आहे, विकणारा काहीही म्हणो. दुसरी खूण खाली असते. फूट उचलून प्लेटकडे बघा. कंपाउंडमध्ये सुईचं भोक प्लेटला नसतं, ते दात्यांच्या तुकड्यालाच असतं आणि तो तुकडा प्लेटच्या लांबट खाचेत सरकतो. टॉप-बॉटममध्ये सुई सरकतच नाही, त्यामुळे तिच्या भोकालाही सरकायचं कारण नाही.

नंबरपट्टी वाचता येत असेल तर उत्तमच. जुकीचं डीयू-११८१एन टॉप-बॉटम आहे आणि डीएनयू-१५४१ कंपाउंड. सेकोचं एसटीडब्ल्यू-८बी टॉप-बॉटम, एसटीएच-८बी कंपाउंड. सेकोत तर एका अक्षराचाच फरक आहे, आणि फोनवर ‘जुकी आहे, सेको आहे’ एवढंच सांगतात. नकली डोक्यांवर तर काय वाट्टेल तो नंबर ठोकलेला असतो. म्हणून पट्टी वाचा, पण निकाल हातचाक फिरवूनच लावा.

मग घ्यायचं कुठलं? ‘कंपाउंड भारी, तेच घ्या’ असा सल्ला सगळीकडे मिळतो, मला तो आळशी वाटतो. तुम्ही रोज काय शिवणार यावर ते ठरतं. पाकिटं, मोबाइलची कव्हरं, घड्याळाचे पट्टे, मऊ चामड्याच्या साध्या पिशव्या असतील तर चांगल्या अवस्थेतलं टॉप-बॉटम मशीन मजेत पुरतं. ते स्वस्त मिळतं, त्यात हलणारे सांधे कमी, म्हणून झिजायच्या जागाही कमी. सांधे खिळखिळे झालेल्या कंपाउंडपेक्षा घट्ट टॉप-बॉटम केव्हाही बरं. एक सवय मात्र सोडावी लागते, मागून माल ओढायची. सुई चामड्यात असताना ओढलंत तर ती वाकते, प्लेटवर आपटते आणि तुटते. कंपाउंडमध्ये सुई मालाबरोबरच जात असल्यामुळे थोडं खपून जातं. थोडंच.

काम जाड किंवा बहुथरांचं असेल तर मात्र काटकसर अंगाशी येते. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांची कव्हरं घ्या. वर रेक्झिन किंवा चामडं, मध्ये फोम, आत मऊ अस्तर आणि भोपळ्याच्या गोलाईवरून फिरणारी लांबलचक शिवण. फोम दबतो, परत फुगतो आणि दर टाक्याला वरचा थर किंचित मागे सोडतो. टॉप-बॉटम यातलं बरंचसं सांभाळतं, पण शिवणीच्या शेवटी थोडी चुणी उरतेच. सुईनं तिन्ही थर टाचून धरलेले असले की ती उरत नाही.

आपल्याकडचं दुसरं काम बैलांच्या साजाचं. खरसुंडीच्या यात्रेआधी आटपाडी-विट्याकडे घुंगरांच्या पट्ट्यांना आणि म्होरक्यांना मागणी असते. पट्टा दुहेरी, मध्ये भर, वर टोकाला घडी. त्या घडीच्या पायरीवर फूट चढतो तिथे टॉप-बॉटमचा टाका आखडतो. दोन-तीन टाके बारीक पडतात आणि गिऱ्हाइकाची नजर नेमकी तिथंच जाते. कंपाउंड ती पायरी बऱ्याच सारख्या टाक्यानं चढतं. पण त्यालाही मर्यादा आहे. १५४१ चा फूट गुडघ्याच्या दांड्यानं १६ मिलिमीटर उचलतो, म्हणून ते १६ मिलिमीटर शिवतं असं कुणी समजू नये. ८-९ मिलिमीटर दाबलेला माल ही त्या जातीच्या मशीनची सुखाची हद्द. त्याच्या पुढच्या जाडीला ४४१ जातीचं मोठं सिलिंडर आर्म (नळकांड्यासारख्या हाताचं) मशीन लागतं आणि ते निराळ्याच पैशांचं प्रकरण आहे.

कोल्हापुरी चपलेचं विचाराल, तर २०१९ साली मिळालेल्या तिच्या भौगोलिक मानांकनात कोल्हापूर-सोलापूरबरोबर सांगली आणि सातारा जिल्हेही आहेत. पण तिच्या तळव्याची शिवण चामड्याच्या वादीनं, आरी घेऊन हातानंच घालतात. त्या कामाला या दोन्ही मशिनांचा उपयोग नाही. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या त्या चामड्याच्या बॅगा-पट्टे शिवणार असाल, तर दोन्ही मशिनांच्या बाबतीत एक गोष्ट बघा, दात्यांची खूण. या चामड्यावर दातेरी फुटाचा ठसा उठतो आणि तो पुसत नाही. गुळगुळीत फूट मिळतात. कंपाउंडमध्ये सिंगर १११ च्या मापाचे फूट बऱ्याच कंपन्यांच्या मशिनांना बसतात, त्यामुळे ते शोधायला वणवण करावी लागत नाही.

बघायला जाताना स्वतःचं चामडं न्या. विकणारा खिशातून जीनचा तुकडा काढून सर्रकन शिवून दाखवतो, त्यावरून काही कळत नाही. एकत्र कापलेल्या फूटभर लांब दोन पट्ट्या घ्या, मध्ये फोम घाला, सुरुवातीची टोकं जुळवा आणि हात न लावता मशीनला शिवू द्या. शेवटची टोकं किती सरकली ते बघा. मग त्याच भोकांवरून दहा टाके उलटे मारा. टाके जुन्या भोकांत पडले तर सांधे ठीक. शेजारी शेजारी पडायला लागले तर एक तर सेटिंग बिघडलंय किंवा आतले सांधे झिजलेत, आणि झिजलेत असंच धरून किंमत बोला. सुईचा दांडा बोटांत धरून हलवून बघा. प्लेटखाली फिरत दोरा पकडणाऱ्या हुकाच्या टोकावरून नख फिरवा, नख अडकलं तर दोरा पिंजणार.

कधी कधी हुक फिरतच नाही म्हणून मशीन भंगाराच्या भावात निघतं. १५४१एस मध्ये दोरा अडकला तर हुक मोडू नये म्हणून सेफ्टी क्लच सुटतो. बेडवरचं बटण दाबून हातचाक जोर लावून उलटं फिरवलं की तो कट्‌ आवाज करून परत बसतो. हे माहीत असलेल्या माणसाला असं मशीन स्वस्तात पडू शकतं. पण बसल्यावर टायमिंग, म्हणजे सुई आणि हुकाचा मेळ, तपासल्याशिवाय पैसे मोजू नका.

सुया १५४१ ला १३५x१७ मालिकेच्या लागतात. १३५x१७ गोल टोकाची, कापड-रेक्झिनसाठी. १३५x१६ त्याच लांबीची, पण टोक चामडं कापणारं. विकणाऱ्यानं गोल टोकाची लावून ठेवली असेल आणि चामड्यात टाका सुटत असेल, तर दोष मशीनचा म्हणायच्या आधी सुई बदलून बघा. पाकिटाच्या कामाला ४० तिकिटाचा (तिकीट म्हणजे जाडीचा नंबर, तो मोठा तितका दोरा बारीक) बॉन्डेड नायलॉन दोरा आणि ११० ची सुई, पट्ट्यांना २० तिकीट आणि १४० ची सुई, इथून सुरुवात करा.

मोटर शेवटी बघा, कारण ती बदलता येते. क्लच मोटर बटण दाबल्यापासून फिरतच राहते आणि पायाच्या जराशा दाबानं मशीन उधळतं. गारमेंटवाल्यांच्या टेबलाला बहुतेक २८८० फेऱ्यांची असते, चामड्याला ती भलतीच वेगवान. सर्व्हो मोटर पाय ठेवला की फिरते, वेग डायलवर बांधून ठेवता येतो आणि कोपऱ्यावर एकेक टाका मोजून घेता येतो. क्लच मोटरसकट मशीन मिळत असेल तर सर्व्होचे पैसे मूळ किमतीतून वजा करून मागा, आणि जुनी मोटर त्यालाच परत घ्यायला सांगा. बरेच जण घेतात.